बारा तारांची परवडणारी गिटार निवडताना: आधी ताण बघा, मग सूर ऐका

माझी पहिली बारा तारांची गिटार मी आवाजावर भाळून घेतली. वापरलेली होती, पण निगुतीने ठेवलेली. पहिली ‘जी’ कॉर्ड छेडली आणि खोली भरून गेली. घरी आणल्यावर एका जाणकार मित्राने साध्या कागदाची पट्टी घेतली आणि ब्रिजच्या (तारांची खालची टोकं जिथे बसतात त्या लाकडी तुकड्याच्या) मागच्या कडेला, ब्रिज जिथे लाकडाला चिकटलेला असतो त्या सांध्यात सरकवून पाहिली. पट्टी नखभर आत गेली. "हा सुटतोय," एवढंच तो म्हणाला. दुरुस्तीचं काम मी पुढच्या महिन्यावर ढकलत राहिलो आणि तीन महिन्यांनी, रात्री सगळे झोपलेले असताना, काहीतरी फुटावं तसा आवाज आला. ब्रिज बाराही तारांसकट उखडला होता आणि येताना टॉपच्या, म्हणजे पेटीच्या पुढच्या फळीच्या, लाकडाचा एक पापुद्राही सोलून घेऊन आला होता.

तेव्हापासून कुणी मला "स्वस्तात बारा तारांची कुठली घेऊ?" असं विचारलं, की मी आधी ताणाबद्दल बोलतो. सहा तारांच्या स्वस्त गिटारमध्ये थोडंफार उणं-अधिक चालून जातं. बारा तारांच्या गिटारमध्ये तेच उणेपण वर्षभरात दुप्पट होऊन समोर येतं. म्हणून कमी पैशांत निवड करायची असेल, तर आवाज, दिसणं आणि नाव यांच्या आधी ही गिटार ताण कसा पेलते ते बघायचं. ते कसं बघायचं, याचा हा लेख.

ताण म्हणजे नेमका किती

बारा तारा म्हणजे सहा जोड्या. खालच्या चार जोड्यांत (ई, ए, डी आणि जी) एक तार मूळ सुराची आणि तिच्या शेजारी वरच्या सप्तकातली बारीक तार. बी आणि बारीक ई या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुराच्या. तंबोऱ्याची जोड जुळवलेल्या माणसाला ही गंमत लगेच कळेल. दोन तारा अगदी एकजीव लागल्या की आवाज मोठा होतो, आणि केसभर वेगळ्या राहिल्या की त्यात एक हलती लहर येते. बारा तारांचा तो झगमगता आवाज या केसभर फरकातून आणि वरच्या सप्तकातून येतो.

याची किंमत लाकूड मोजतं. सहा तारांच्या गिटारवर ०.०१२ इंच जाडीच्या तारेपासून सुरू होणारा लाइट (बारीक तारांचा) सेट लावला, तर सगळ्या तारा मिळून साधारण ७० ते ७५ किलोचा ओढा पडतो. बारा तारांचा नेहमीचा लाइट सेट ०.०१० पासून ०.०४७ पर्यंत असतो. तारा बारीक असूनही एकूण ओढा १०० किलोच्या पुढे जातो. हा ओढा दिवसरात्र चालू असतो. तो मान पुढे वाकवतो, ब्रिज मागून उचलतो, ब्रिजच्या मागचा टॉप फुगवतो आणि साउंडहोलच्या (पेटीच्या गोल भोकाच्या) बाजूचा दाबतो.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवल्या तर ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. पूर्ण एक सूर उतरवल्या, म्हणजे ई चा डी केला, तर सुमारे २१ टक्क्यांनी. मग दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की नेहमीच्या सुरात वाजवता येतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन गायक लेड बेली आपली स्टेला बनावटीची बारा तारांची गिटार नेहमीच्या सुरापेक्षा बराच खाली लावून वाजवायचा. बारा तारा खाली लावणं ही कमअस्सल तडजोड आहे असं कुणी म्हणालं, तर त्याचा आवाज ऐकायला सांगा.

घेण्याआधी एक स्वस्त चाचणी

बारा तारांची गिटार बहुतेकांची दुसरी गिटार असते, आणि तशीच असावी. तिच्यावर गाण्याची साथ सुंदर होते, एकेक जोडी सावकाश वेगळी छेडलेल्या कॉर्डचे सूर सुंदर लागतात. तार ओढून सूर वाकवणं, चपळ सोलो, अवघड बार कॉर्डची गर्दी हे तिचं काम नाही. हा आवाज तुम्हाला खरंच हवा आहे का, हे पाहायचा एक सोपा मार्ग आहे.

बारा तारांचा एक सेट विकत आणा. त्यातल्या ई, ए, डी, जी या जोड्यांच्या फक्त बारीक, वरच्या सप्तकातल्या तारा काढा. त्यांच्या सोबतीला बी आणि बारीक ई ची एकेक तार घ्या. या सहा तारा घरातल्या साध्या सहा तारांच्या गिटारवर चढवा. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. ताण नेहमीपेक्षा कमी असतो, त्यामुळे गिटारला धोका नाही. आता दुसऱ्या कुणाला साध्या गिटारवर त्याच कॉर्ड वाजवायला सांगा, किंवा आधी स्वतः वाजवून फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि त्यासोबत वाजवा. दोन्ही मिळून जो आवाज येईल तो बारा तारांच्या बराच जवळचा असतो. काही जणांचं समाधान इथेच होतं, आणि त्यात वाईट काहीच नाही.

याच्या उलट प्रयोग, म्हणजे सहा तारांच्या गिटारला आणखी सहा खुंट्या लावून बारा तारा चढवणं, कधीही करू नका. तिची मान, ब्रिज आणि आतल्या लाकडी पट्ट्या त्या ओढ्यासाठी बांधलेल्याच नसतात.

पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे

सगळ्यात आधी, हातात असलेल्या रकमेतला एक भाग सेटअपसाठी बाजूला काढून ठेवा. सेटअप म्हणजे कारागिराकडून नटच्या (मानेच्या टोकाशी तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) खाचा, सॅडलची (ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उंची आणि मानेचा बाक नीट करून घेणं. कारखान्यातून आलेली बारा तारांची स्वस्त गिटार क्वचितच नीट बसवलेली असते. नटच्या खाचा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात, कारण खाच खोल करता येते, पण एकदा जास्त खोल गेली की भरून काढणं कटकटीचं. सेटअप न केलेली महागडी गिटार आणि नीट सेटअप केलेली मध्यम गिटार यांत मी डोळे झाकून दुसरी निवडेन.

पिकअप आणि प्रीॲम्पसाठी (गिटारचा आवाज स्पीकरपर्यंत नेणाऱ्या जोडणीसाठी) जास्तीचे पैसे देऊ नका. मंचावर वाजवायची वेळ आली तर पिकअप नंतर बसवता येतो. एकाच रकमेत एका गिटारमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असेल आणि दुसरीत नसेल, तर नसलेल्या गिटारमध्ये लाकूड आणि जोडणी चांगली मिळण्याची शक्यता जास्त. कटअवेचंही (पुढच्या फ्रेटांपर्यंत हात जावा म्हणून पेटीला दिलेली खाच) तसंच. बाराव्या फ्रेटच्या पुढे या गिटारवर हात फारसा जात नाही. शिंपल्याची नक्षी, चकचकीत सोनेरी खुंट्या, गडद छटा यांना या हिशोबात शून्य किंमत द्या.

टॉपबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. सॉलिड टॉप म्हणजे एकाच लाकडाची फळी. लॅमिनेट म्हणजे पातळ थर चिकटवून केलेली. जाहिरातीत ‘सॉलिड स्प्रूस’ (स्प्रूस ही लाकडाची जात) असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ती सॉलिड समजा. नुसतं ‘स्प्रूस’ किंवा ‘सिलेक्ट स्प्रूस’ लिहिलं असेल तर बहुधा लॅमिनेट असतं. सॉलिड टॉपचा आवाज मोकळा असतो आणि वाजवत गेल्यावर आणखी खुलतो. पण माझा अनुभव असा, की सहा तारांच्या गिटारमध्ये लॅमिनेट टॉप जितका खटकतो तितका बारा तारांमध्ये खटकत नाही. वरच्या सप्तकाच्या तारा उजळपणाची कमतरता बरीचशी भरून काढतात. शिवाय लॅमिनेट ओलावा आणि कोरडेपणा दोन्ही जास्त सोसतं. त्यामुळे सॉलिड टॉप पण बेताची मान, की लॅमिनेट टॉप पण बिनचूक मान, अशी निवड आली तर मी मानेच्या बाजूने उभा राहीन. दोन्ही मिळत असेल तर अर्थात सॉलिड टॉप.

बाजू आणि पाठ लॅमिनेट असली तरी या किमतीत काहीच बिघडत नाही. लाकडाच्या जातीबद्दल थोडक्यात: स्प्रूस जोरदार स्ट्रमिंग पेलतो, सीडर हलक्या हाताला लवकर साद देतो. महोगनीची पाठ बारा तारांना मानवते, कारण सूर मुळातच इतके दाट असतात की रोझवूडची गुंज कधीकधी त्यात गर्दी करते. हे माझ्या कानाचं मत. तुमचा कान वेगळं सांगेल तर त्याचं ऐका.

कुठल्या नावांपासून सुरुवात करावी

मॉडेल येतात-जातात, म्हणून ही नावं शोध सुरू करायला घ्या. यामाहाची एफजी८२०-१२ ही सॉलिड स्प्रूस टॉपची सरळसाधी ड्रेडनॉट (रुंद, चौकोनी खांद्यांच्या पेटीची) आहे. इलेक्ट्रॉनिक्स नाही, नखरे नाहीत. कमी पैशांत पहिली म्हणून मी आधी तीच हातात घेऊन बघायला सांगतो. फेंडरच्या सीडी-६०एससीई-१२ आणि ताकामिनेच्या जीडी३०सीई-१२ मध्येही सॉलिड स्प्रूस टॉप आहे. त्या कटअवे आणि पिकअपसह येतात. सीगलची एस१२ ही कॅनडात बनलेली, सॉलिड सीडर टॉपची आणि चेरीच्या लाकडाच्या पाठीची. तिची मान रुंद आहे आणि जाड बोटांच्या लोकांना ती फार आवडते.

जंबो आकार हवा असेल तर गिल्डची एफ-१५१२ आणि एफ-२५१२ई बघा. दुसऱ्या गिटारची पाठ कमानीसारखी दाबून घडवलेली मेपल लॅमिनेटची आहे. गिल्डचं नाव बारा तारांच्या जगात जुनं आहे. त्यांच्या जुन्या महागड्या बारा तारांच्या गिटारींच्या मानेत एकाऐवजी दोन ट्रस रॉड (मानेचा बाक सुधारणारी आतली सळई) असायचे, ते याच ओढ्यापायी. अजून थोडी ऐपत असेल तर टेलरची १५०ई. तिची मान बोल्टने जोडलेली असते, त्यामुळे पुढे कधी मानेचा कोन सुधारायची वेळ आली तर काम सोपं आणि स्वस्त पडतं. सरसाने चिकटवलेली मान सोडवून पुन्हा बसवणं हे मोठं काम असतं आणि स्वस्त गिटारच्या बाबतीत त्याचा खर्च कित्येकदा गिटारच्या किमतीवर जातो. म्हणूनच विकत घेण्याआधी विचारा: मान बोल्टची आहे की चिकटवलेली?

हातात घेतल्यावर: मान आणि जोड्या

नटपाशी मानेची रुंदी मोजा. सहा तारांच्या गिटारची साधारण ४३ मिमी असते. बारा तारांची ४६ ते ४८ मिमी. ४५ मिमीच्या आसपास असेल तर बारा तारा दाटीवाटीने बसतात आणि डी कॉर्ड धरताना शेजारची जोडी दबते. उलट हात लहान असेल तर ४८ मिमीवर एफ कॉर्डला दमछाक होते. अशा वेळी मानेची जाडीही बघा. रुंद पण पातळ मान बहुतेकांना झेपते.

आता जोडीतल्या दोन तारांमधलं अंतर. साधारण २ मिमी असावं. जास्त असेल तर बोटाचं टोक दोघींच्या मधे उतरतं आणि एक तार नीट दबत नाही. कमी असेल तर जोरात वाजवल्यावर दोघी एकमेकींवर आदळून खरखरतात. मी एकेक जोडी पहिल्या फ्रेटवर दाबून दोन्ही तारा नखाने वेगवेगळ्या छेडून बघतो. बारा तारा, एक मिनिट. ज्या जोडीत एक तार मुकी राहते, तिथे नटच्या खाचा चुकलेल्या असतात. नट बदलून हे सुधारतं, म्हणून यावर गिटार नाकारू नका, पण नव्या नटचा खर्च मनात धरा.

नटची उंची तपासायची युक्ती सोपी आहे. एफ कॉर्ड धरा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून तोच आकार एक फ्रेट पुढे धरा. कॅपो लावल्यावर दाबणं एकदम लोण्यासारखं वाटलं, तर नट उंच आहे. "बारा तारांनी बोटं फुटतात" ही तक्रार करणाऱ्या कितीतरी जणांच्या गिटारमध्ये खरा दोष एवढाच असतो.

मानेचा कोन: सगळ्यात महत्त्वाची तपासणी

यासाठी एक लांब, खात्रीची सरळ पट्टी हवी, पहिल्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत पोहोचणारी. गिटार सुरात लावलेली असू द्या. पट्टी फ्रेटांवर, मधल्या दोन जोड्यांच्या मधून उभी धरा आणि ब्रिजकडे सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडी माथ्याला अलगद टेकलं किंवा त्याच्यावरून निसटतं गेलं, तर कोन ठीक. टोक माथ्याच्या खाली, ब्रिजच्या पुढच्या उभ्या कडेवर जाऊन आदळलं, तर मान पुढे झुकलेली आहे. अशी गिटार कितीही गोड वाजो, ती परत ठेवा.

पट्टी नसेल तर दोन मापं घ्या. पहिलं, बाराव्या फ्रेटवर ॲक्शन: फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. जाड ई खाली २.५ मिमीच्या आत आणि बारीक ई खाली २ मिमीच्या आत असावं. दुसरं, ब्रिजच्या वर सॅडल किती उंच दिसतं ते. दोन्ही मापं एकत्र वाचायची. ॲक्शन जास्त पण सॅडल ३ मिमी किंवा अधिक वर असेल, तर सॅडल घासून ॲक्शन खाली आणता येईल. ॲक्शन जास्त आणि सॅडल आधीच मिमी-दीड मिमीवर आलं असेल, तर आधीच्या मालकाने तो उपाय वापरून संपवलेला आहे. आता फक्त मान सोडवून बसवणं उरतं.

मानेचा बाक वेगळा आणि कोन वेगळा, हे इथे लक्षात ठेवा. जाड ई ची तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे पेटीला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधे सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत कागदाच्या दोन-तीन घड्या जातील एवढी, साधारण ०.२ मिमी फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड फिरवून सुधारते. फक्त रॉड खरंच फिरतो का, हे विकणाऱ्याला दाखवायला सांगा. शेवटपर्यंत आवळलेला रॉड म्हणजे उपाय संपलेली गिटार.

ब्रिज आणि पोट

कागदाची पट्टी आता तुमच्या हातात. ब्रिजच्या मागच्या कडेला आणि दोन्ही कोपऱ्यांना फिरवून बघा. कुठेही आत जाता कामा नये. गिटार डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून खालच्या टोकाकडून टॉपकडे बघा. ब्रिजच्या मागे किंचित फुगवटा हा बारा तारांचा नेहमीचा स्वभाव आहे. पण मागे ठळक पोट आणि पुढे साउंडहोलकडे खळगा, असं दोन्ही एकत्र दिसलं तर आतली एखादी पट्टी सुटली असावी. बोटाच्या पेराने टॉपवर हलकं ठोकत जा. सुटलेली पट्टी वेगळाच, खुळखुळल्यासारखा आवाज देते.

जमल्यास छोटा आरसा आणि फोनचा दिवा घेऊन साउंडहोलमधून आतली ब्रिज प्लेट (ब्रिजखाली टॉपला आतून चिकटवलेली लाकडी पट्टी) बघा. बारा पिना असलेल्या ब्रिजमध्ये भोकं जवळजवळ असतात आणि एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत चीर गेलेली सापडते. तारांच्या टोकाच्या कड्या लाकडात रुतून भोकं मोठी झालेली असली तर तेही दिसेल. थोडी झीज चालते, सलग चीर नाही.

सूर टिकतो का

खुंट्या बाराच्या बारा फिरवून बघा. प्रत्येक तार अर्धा सूर उतरवून परत चढवा. खुंटी फिरवूनही सूर हलत नाही आणि मग टुणकन उडी मारतो, असं झालं तर दोष बहुतेक खुंटीचा नसतो, नटच्या खाचेत तार अडकते. खुंटीतच ढिलाई असेल तर ती हाताला कळते. बारा खुंट्यांचा नवा संच घेणं सहाच्या दुप्पट महाग, हे विसरू नका.

मग ट्यूनर लावून प्रत्येक तार एकटी, शेजारची बोटाने बंद करून, बाराव्या फ्रेटवर तपासा. तिथला हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं स्पर्शून छेडल्यावर येणारा सूर) आणि दाबलेला सूर यांत ५ सेंटपर्यंत फरक चालतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). सहसा घोटाळा जाड ई आणि तिच्या वरच्या सप्तकातल्या जोडीदारणीत होतो. जाड आणि बारीक तारेला सॅडलवर वेगवेगळी लांबी हवी असते आणि सॅडल दोघींना एकच. चांगल्या सॅडलवर माथा त्यासाठी मागेपुढे कोरलेला असतो. स्वस्त गिटारवर तो सरळ असतो, पण हा बदल कारागीर सहज करून देतो.

शेवटी कानाची परीक्षा. कॅपो पाचव्या फ्रेटवर लावा आणि डी, जी, ए या कॉर्ड सावकाश, एकेक जोडी मोजत छेडा. उघड्या तारांवर सगळ्याच गिटारी गोड वाटतात. पाचव्या फ्रेटवर जी सुरात राहते, ती घेण्यासारखी. छेडताना एक ऐका: बहुतेक गिटारींत जोडीतली बारीक तार वरच्या बाजूला असते, त्यामुळे खाली येणाऱ्या फटक्यात ती आधी लागते. रिकनबॅकर आपल्या इलेक्ट्रिक बारा तारांमध्ये हा क्रम उलटा ठेवते, जाड तार आधी. कुणाच्या वादनात हा फरक ऐकून तुम्हाला आपल्या गिटारमध्ये काहीतरी चुकतंय असं वाटलं, तर कारण हेही असू शकतं.

वापरलेली घ्यायची की दुरून मागवायची

वापरलेल्या बारा तारांच्या गिटारींत खरी संधी असते, कारण कितीतरी लोक हौसेने घेतात, बोटं दुखली म्हणून ठेवून देतात आणि फ्रेट नव्यासारखे राहतात. धोकाही तिथेच आहे. तारा पूर्ण सुरात ठेवून गिटार वर्षानुवर्षं कपाटात पडून असते. न वाजवलेली म्हणजे न दमलेली असं नाही. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: ठेवताना तारा उतरवल्या होत्या का?

प्रत्यक्ष बघणं शक्य नसेल तर चार छायाचित्रं मागा. बाराव्या फ्रेटपाशी मिमीची पट्टी उभी धरून, सॅडल आणि ब्रिज बाजूने, ब्रिजची मागची कड जवळून, आणि संपूर्ण मान डोक्याकडून पेटीकडे बघताना. चारही सुरात लावलेल्या गिटारची हवीत. उतरवलेल्या तारांवर ॲक्शन नेहमीच छान दिसते. जो विकणारा यातलं एकही द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्या गिटारचा मोह सोडा. परत करायची मुदत किती दिवसांची आहे आणि परतीचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्या.

घरी आणल्यावरचे पहिले पंधरा दिवस

खोकं आलं की लगेच उघडू नका. काही तास खोलीच्या हवेत तसंच राहू द्या, म्हणजे लाकडाला तापमानाचा झटका बसत नाही. उघडल्यावर तारा पूर्ण सुरात चढवायची घाई नको. आधी अर्धा सूर खाली लावा आणि ॲक्शन, सॅडलची उंची, मानेची फट ही तीन मापं तारखेसह लिहून ठेवा.

तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एकेक जोडी बदला. नव्या तारांपैकी तुमची सगळ्यात जास्त परीक्षा बघेल ती ‘जी’ जोडीतली बारीक तार. माझ्याकडे ती पहिल्यांदा तुटली तेव्हा मी चेहरा गिटारवर झुकवून सूर ऐकत होतो. एक टिचकी मारल्यासारखा आवाज आणि गालावर लाल रेघ. तेव्हापासून ती तार चढवताना मी तोंड बाजूला ठेवतो आणि साउंडहोलवर हात आडवा धरतो.

ती का तुटते हे कळलं की उपायही कळतो. ०.००८ इंचाची, म्हणजे ०.२ मिमीची ही तार बारीक ई च्याही वरच्या सुराला लावलेली असते आणि पोलाद जिथे तुटतं त्या मर्यादेच्या बरीच जवळ असते. जाड तार लावली तर टिकेल, असं वाटणं साहजिक आहे, पण तसं होत नाही. तार जाड केली की तिला त्याच सुरात आणायला ताणही त्याच प्रमाणात जास्त लागतो, त्यामुळे पोलादाच्या प्रत्येक कणावरचा भार तेवढाच राहतो. तार वाचवायचे खरे मार्ग दोनच: सूर खाली ठेवणं आणि नट-सॅडलवर तिला कापणारी धार नसणं. या तारेच्या दोन-तीन सुट्या प्रती केसमध्ये कायम ठेवा.

रोजच्यासाठी माझा सल्ला: अर्धा सूर खाली, पहिल्या फ्रेटवर कॅपो. गिटार जुनी किंवा नाजूक असेल तर पूर्ण सूर खाली आणि कॅपो दुसऱ्यावर. सूर लावताना जोडीतली मूळ तार आधी लावा, मग बारीक तार तिच्याशी कानाने जुळवा. नेहमी खालून वर चढत या. वर गेलात तर पुन्हा खाली उतरून चढा. खोलीतला ओलावा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला तर उत्तम. जिथे तो खूप खाली-वर होतो तिथे गिटार भिंतीवर टांगण्यापेक्षा केसमध्ये ठेवा.

पंधराव्या दिवशी तीच तीन मापं पुन्हा घ्या, त्याच सुरात लावून. ०.१-०.२ मिमीचा फरक हवेचा असतो, ट्रस रॉडच्या पाव वळशाने जातो. बाराव्या फ्रेटवर ॲक्शन अर्ध्या मिमीने किंवा जास्त वाढली असेल आणि मानेची फट मात्र होती तेवढीच असेल, तर कोन हलतोय. तारा उतरवा, दोन्ही तारखांची मापं विकणाऱ्याला पाठवा आणि मुदत संपायच्या आत गिटार परत करा.